मेंदूतील अक्षरांचे घर

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी घरांत मूल जन्मले की पाचवीची पूजा होते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, अशी त्यामागची श्रद्धा. 'पाचवीला पुजलेले' हा वाक्प्रचार त्यातूनच भाषेत रुळला. माणूस पुढे कसा वागेल, काय भोगेल हे सारे कपाळी लिहिलेले असते, ही कल्पना आपल्या लोकमानसात खोल रुजली आहे. योगायोग असा की कपाळाच्या हाडामागे मेंदूचा जो भाग असतो, त्याचा माणसाच्या वागण्यातील वाटा खरोखरच मोठा आहे. परंतु तेथील लेखन एका रात्रीत पुरे होत नाही. तो भाग पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते, आणि तोवर घर, शाळा, सोबत, सवयी असे अनेक हात तेथे लिहीत असतात. मेंदूच्या कोणत्या भागाचे कोणते काम, हे माणसाला कसे उमगत गेले आणि त्या व्यवस्थेत वाचनाला जागा कोठे मिळाली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीला तो अप्रस्तुत वाटू नये.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरते. शरीराच्या वजनाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा हा अवयव शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा खर्च करतो. अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला मोठा मेंदू दोन गोलार्धांत विभागलेला असतो आणि मज्जातंतूंचा एक जाड पूल त्यांना जोडतो. डोक्याच्या मागील बाजूस दृष्टीचे क्षेत्र, कानांच्या वरच्या अंगाला श्रवणाचे, माथ्यावरील आडव्या पट्ट्यांत हालचालीचे आणि स्पर्शाचे, तर कपाळामागे नियोजन आणि संयम यांचे क्षेत्र आहे. खाली लहान मेंदू तोल आणि हालचालींतील सफाई सांभाळतो. त्याच्या पुढे असलेला मस्तिष्कस्तंभ श्वास आणि हृदयाची गती यांच्यावर पहारा ठेवतो.

ही विभागणी आज शालेय पुस्तकातही आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र ती वादाची बाब होती. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ योसेफ गाल यांनी असे प्रतिपादन केले की प्रत्येक गुणाला मेंदूत स्वतंत्र जागा असते आणि कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगता येतो. युरोपात या मस्तकसामुद्रिकाचे वेड पसरले. ते शास्त्र खोटे ठरले, पण त्याने उभा केलेला प्रश्न खोटा नव्हता. त्या प्रश्नाची उत्तरे पुढे मिळत गेली ती आजारी आणि जखमी माणसांकडून.

त्यांतील पहिले नाव फिनिअस गेज याचे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालले होते. पंचवीस वर्षांचा गेज हा तेथील मजुरांचा मुकादम. खडकाच्या छिद्रात सुरुंगाची दारू ठासत असताना ती अकाली पेटली आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. गेज मेला नाही. थोड्याच वेळात तो बोलू लागला, गाडीत बसून मुक्कामी गेला आणि डॉक्टर जॉन हार्लो यांच्या उपचारांनी काही महिन्यांत हिंडूफिरू लागला. त्याची वाचा, स्मरण, हातापायांतील बळ, सारे शाबूत होते. बदलले होते ते वागणे. पूर्वीचा हिशेबी, जबाबदार मुकादम आता शिवराळ, उतावळा आणि धरसोड्या झाला होता. जुन्या मालकांनी त्याला कामावर परत घेतले नाही. ओळखीचे लोक म्हणू लागले की हा गेज तो गेज नव्हे. हार्लो यांनी हा बदल १८६८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. माणसाचा 'स्वभाव' ज्याला म्हणतात, त्याचाही मेंदूच्या एखाद्या भागाशी संबंध असतो, हे त्यातून जगासमोर आले.

ही कथा बहुतेक ठिकाणी येथेच थांबते. तिचा उत्तरार्ध मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. १८५२ मध्ये गेज दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे काही वर्षे त्याने घोड्यांच्या प्रवासी गाड्या हाकल्या. उतारूंशी नीट वागणे, वेळापत्रक सांभाळणे, अवघड रस्त्यावर अनेक घोडे एकाच वेळी आवरणे, ही कामे केवळ लहरीवर चालणाऱ्या माणसाला जमणारी नव्हेत. १८६० मध्ये त्याचा मृत्यू झाला, परंतु तोवर तो बराच सावरला होता, असे अलीकडील संशोधकांचे मत आहे. रोजची ठरलेली शिस्त आणि ठरलेले काम यांनी त्याला बाहेरून आधार दिला असावा. म्हणजे कपाळामागचा भाग दुखावल्याने वागणे बिघडते हे खरे, पण तेवढ्याने माणसाचा निकाल लागत नाही. उरलेला मेंदू सवयीच्या बळावर नवी घडी बसवण्याचा प्रयत्न करीत राहतो.

दुसरी कथा पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातील. लबोर्न्य नावाचा रुग्ण तेथे एकवीस वर्षे होता. त्याला काहीही विचारले तरी तो 'तां, तां' एवढेच बोले. म्हणून सारे त्याला 'तां' याच नावाने ओळखत. विशेष असे की दुसऱ्याचे बोलणे त्याला समजे. आकडा विचारला तर डाव्या हाताच्या बोटांनी तो उत्तर देई. आपले म्हणणे समोरच्याला कळले नाही आणि राग अनावर झाला, की एखादी शिवी मात्र स्पष्ट उमटे. एप्रिल १८६१ मध्ये तो वारला आणि शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात, खालच्या अंगाला मोठी हानी झालेली होती. उच्चारित भाषेचे एक केंद्र तेथे आहे, असे ब्रोका यांनी सांगितले. पुढे १८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निक यांनी याच्या उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले. त्यांच्या तोंडून शब्दांचा ओघ वाहे, पण तो अर्थहीन असे, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांची इजा डाव्या गोलार्धातच, पण कानामागील भागात होती. बोलणे आणि समजणे या एकाच भाषेच्या दोन बाजू. मेंदूत मात्र त्यांचा मुख्य भार वेगवेगळ्या भागांवर असल्याचे दिसले. लबोर्न्यचा जतन केलेला मेंदू नव्या यंत्रांनी पुन्हा तपासून त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा इजा ब्रोका यांना वरून दिसली त्याहून खोलवर, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचल्याचे आढळले. भागांइतकेच भागांमधील रस्तेही मोलाचे असतात, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

तिसरी कथा स्मरणाची. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाची फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग आणि त्याभोवतीचा भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले. परंतु त्यानंतर घडलेली कोणतीही नवी घटना त्याच्या स्मरणात टिकेना. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला की त्याच्यासाठी तो नवाच असे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी कडांमधून रेघ काढावयास शिकविली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला प्रत्येक वेळी ठाऊक नसे. घटनांची आठवण आणि हाताचे वळण या दोन स्मृती मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी राहतात, हे या एका माणसाने जगाला शिकविले. २००८ मध्ये तो वारला तोवर जवळजवळ अर्धशतक संशोधक त्याच्याकडे येत राहिले. त्याला मात्र त्यांतील कोणीही आठवत नव्हते.

संयम, वाणी आणि स्मृती यांची मुळे मानवजातीइतकी, किंबहुना तिच्याहूनही जुनी आहेत. त्यांना मेंदूत वंशपरंपरेने मिळालेल्या जागा असाव्यात हे नवल नव्हे. वाचनाचे काय? लेखनकला अवघी पाच हजार वर्षांची, आणि त्यांतील बहुतेक काळ ती मूठभरांच्या हाती राहिली. एवढ्या अल्प काळात मेंदूत वाचनासाठी नवा भाग उत्पन्न होणे शक्य नाही. मग वाचणारा माणूस वाचतो तो कोणत्या भागाने?

या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणारा रुग्ण १८८७ मध्ये पॅरिसलाच आढळला. सुशिक्षित, वाचनात रमणारे एक निवृत्त गृहस्थ. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की समोरच्या मजकुरातील एक अक्षरही ओळखता येत नाही. चष्मा बदलावा लागेल असे वाटून ते नेत्रवैद्याकडे गेले. डोळ्यांनी वस्तू दिसत होत्या, माणसे ओळखू येत होती, बोलण्यात काही उणे नव्हते. आकडे वाचता येत, हिशेब करता येई. आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्यांना लिहिताही येई. सांगितलेला मजकूर ते सुवाच्य अक्षरांत लिहून देत. मात्र तोच कागद काही वेळाने समोर धरला, तर स्वतःचे अक्षर त्यांना वाचता येत नसे. रोमन लिपीतील एक अक्षर त्यांना चित्रकाराच्या तिकाटण्यासारखे दिसे, दुसरे सापासारखे, तिसरे पट्ट्याच्या बक्कलसारखे. अक्षराचा आकार बोटाने गिरवला की मात्र ते ओळखत. हाताला आठवत होते ते डोळ्यांना पारखे झाले होते.

१८९२ मध्ये त्यांच्या निधनानंतर झ्यूल देझरीन यांनी मेंदूची तपासणी केली. डाव्या गोलार्धाचा मागील भाग आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पुलाचे मागचे टोक यांना जुनी इजा झालेली होती. उजवा गोलार्ध अक्षरे पाहत होता, पण ती डाव्या गोलार्धातील भाषेच्या प्रदेशापर्यंत पोहोचत नव्हती. दृष्टी शाबूत, भाषा शाबूत. मधली वाट तेवढी तुटलेली. देझरीन यांच्या मांडणीतील काही तपशील पुढे बदलले, मूळ सूत्र टिकले. जिवंत माणसाच्या मेंदूची हालचाल दाखविणारी यंत्रे आल्यावर, डाव्या गोलार्धाच्या मागच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग वाचता येणाऱ्या माणसात लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देतो, असे दिसून आले. २००० मध्ये लोराँ कोएन, स्तानिस्लास देआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला शब्दरूपाचे क्षेत्र असे नाव दिले. फ्रेंच असो, चिनी असो, हिब्रू असो, कोणतीही लिपी वाचणाऱ्यात ही जागा जवळपास तीच असते. जन्मांध व्यक्ती ब्रेल लिपी बोटांनी वाचतात, तेव्हाही हाच भाग जागा होतो, असे २०११ मधील संशोधनाने दाखविले.

ही जागा वाचनाची मालकीची नव्हे. निरक्षर माणसात तोच परिसर वस्तू, चेहरे आणि आकृती ओळखण्याच्या कामी असतो. मूल वाचायला शिकते तेव्हा त्यातील एक कोपरा अक्षरांना भाड्याने मिळतो, असे म्हणावयास हरकत नाही. जुन्या वहिवाटीच्या खुणाही तेथे सापडतात. कपाचा कान उजवीकडे असो वा डावीकडे, डोळ्यांच्या लेखी कप तोच. म्हणून अक्षर गिरवू लागलेली मुले काही अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढतात आणि त्यांना त्यात काहीच वावगे वाटत नाही. अक्षराची दिशा महत्त्वाची असते, ही गोष्ट मेंदूला नव्याने शिकावी लागते. ती मुलाची चूक वा मंदपणा नव्हे, हे पालकांनी जाणले तर कितीतरी चापट्या वाचतील.

देवनागरीपुरते पाहावयाचे तर तिची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. अक्षरे एका ओळीत चालतात, पण मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे आणि पहिली वेलांटी डावीकडे. 'किल्ला' या शब्दात डोळ्यांना वेलांटी आधी भेटते, जीभ मात्र 'क' आधी उच्चारते. हिंदीवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा शब्दांना वाचताना किंचित अधिक वेळ लागल्याचे आढळले. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या अभ्यासात देवनागरी वाचताना दोन्ही गोलार्धांतील भागांचा सहभाग दिसला आणि अक्षराभोवती चहूबाजूंनी पसरलेल्या स्वरचिन्हांशी त्याचा संबंध असावा असे सुचविले गेले. यावरून देवनागरी वाचणारे अधिक बुद्धिमान असतात असा अर्थ काढण्याचा मोह टाळावा. लिपीच्या वळणाप्रमाणे मेंदूलाही वळण लागते, इतकाच त्याचा अर्थ.

हे वळण किती उशिरा लागू शकते, याचे उत्तर लखनौजवळच्या खेड्यांतून आले. तेथील तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचन शिकविण्यात आले आणि शिक्षणाच्या आधी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदल केवळ मोठ्या मेंदूच्या वरच्या थरात दिसले नाहीत. खोलवरचा थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ यांच्यातील दृष्टीशी निगडित भागही दृष्टिक्षेत्राशी अधिक जुळवून काम करू लागले होते. संसाराच्या रगाड्यात वावरणाऱ्या स्त्रियांनी सहा महिन्यांत मिळविलेले हे फळ आहे. 'आता या वयात काय शिकणार' या वाक्याला त्याहून चांगले उत्तर नाही.

आता या विवेचनाचा या नगरीशी असलेला संबंध. भाषा बोलण्यासाठी मेंदूत उपजत तयारी असते. कानावर बोल पडत राहिले की मूल न शिकवता बोलते. वाचनाचे तसे नाही. कोणीतरी बोट धरून शिकविल्यावाचून अक्षरांना मेंदूत घर मिळत नाही. बडोद्यातील अनेक मराठी घरांत आज असे चित्र दिसते की नातवंडे आजीशी मराठीत बोलतात, मराठीत हट्ट करतात, मराठीत भांडतात. पण आजोबांच्या कपाटातील मराठी पुस्तक हाती दिले तर ते अडखळतात किंवा बाजूला ठेवतात. त्यांची भाषा शाबूत आहे, दृष्टी शाबूत आहे. पॅरिसच्या त्या गृहस्थांप्रमाणेच मधली वाट तेवढी नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की त्या गृहस्थांची वाट तुटली होती आणि ती पुन्हा जुळणारी नव्हती. या मुलांची वाट अजून पाडलेलीच नाही.

ती पाडणे अवघडही नाही. शाळेत गुजराती वा इंग्रजी वाचणाऱ्या मुलाच्या मेंदूत अक्षरांची जागा आधीच तयार झालेली असते. ग, म, न, त, प ही अक्षरे गुजरातीत शिरोरेघ वगळता जवळजवळ तशीच आहेत. अ, इ, क, ज, फ यांसारख्या अक्षरांची तेवढी नव्याने ओळख करून द्यावी लागते. हिंदीच्या तासाला देवनागरीशी परिचय झालेला असेल, तर काम आणखी हलके. उरतो तो सराव. अक्षर ओळखणे आणि सहज वाचणे यांत मोठे अंतर असते. अक्षरे जुळविण्यातच लक्ष खर्ची पडले तर अर्थाला आणि आनंदाला काही उरत नाही. तो टप्पा ओलांडण्यासाठी मुलाला रोज थोडे, आवडेल असे आणि भरपूर वाचावयास मिळाले पाहिजे. हे काम पाठ्यपुस्तक एकट्याने करू शकत नाही. तेथे ग्रंथालयच लागते.

देझरीन यांनी पॅरिसमध्ये आपला शोध जाहीर केला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८९३ मध्ये, महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. मेंदूतील शब्दरूपाच्या क्षेत्राचे नावही तेव्हा जन्मले नव्हते. तरीही शिकविलेले अक्षर पुस्तकावाचून टिकत नाही, हे त्या राजाला नेमके उमगले होते.

शंभर वर्षांत या ग्रंथालयाने किती पुस्तके दिली-घेतली, याचा हिशेब देवघेवीच्या नोंदवह्यांत मिळेल. किती मेंदूंत त्याने अक्षरांना घर बांधून दिले, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. पण प्रत्येक वाचकाच्या डोक्यात, डाव्या बाजूला, मागच्या तळाशी ते घर आहे. पुढील शतकाच्या पहिल्या वर्षाचे काम त्यावरूनच ठरविता येईल. बालविभागात आठवड्यातून दोन संध्याकाळी देवनागरीचा वर्ग, मोठ्या टाइपातील मराठी गोष्टींची एक मांडणी, आणि मुलासोबत बसून मोठ्याने वाचणारे चार-पाच ज्येष्ठ सभासद, एवढ्या सामग्रीवर तो आरंभ होऊ शकतो. मूल वाचताना थांबले तर त्याला थांबू द्यावे. त्या क्षणी मेंदूत एक वाट पडत असते, आणि वाट पडायला थोडा वेळ लागतोच.